‘नेहमी’च्या रकान्यातल्या खुणा

प्रिय पोरी,

तू म्हणशील, आईला आता पत्र लिहायचं कुठून सुचलं, फोन काय मेलाय का. फोन ठणठणीत आहे, पण फोनवर तू मला तीन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस. आई, मुद्द्याचं बोल, म्हणतेस. आता माझा मुद्दा म्हणजे शेजारपाजारी डोकावून, दुकानात भाव विचारून मग घरी येणारा. कागद बिचारा काही बोलत नाही. तर तू बस जरा. गुंडीच्या हातात काहीतरी दे, नाहीतर ती तुझ्या बाहीचं बटण कुरतडेल, आणि मग वाच. जावई उद्या सकाळी ट्रक घेऊन तुमच्या त्या इस्पितळाकडेच निघालेत, त्यांच्याजवळ पाकीट देते आहे. उघडून वाचलंत तर तुमच्या शर्टाला पुन्हा इस्त्री मिळायची नाही, असं बजावलंय. हसले. माझं कुणी खरं मानतच नाही.

अक्षर बघून तुला हसू येईल. तिसरीत शाळा सुटली ती सुटली, नंतर धोब्याच्या हिशोबापलीकडे पेन्सिल धरली नव्हती. पण या वर्षात हात वळला बघ. गुंडीवरच्या नव्या उपचाराची ती चाचणी चाललीय ना, तिच्या कागदांनी वळवला. सात महिने दर महिन्याला चोवीस ओळी बोट ठेवून वाचायच्या म्हणजे काय थट्टा आहे. पहिल्या महिन्यात एका कागदाला दोन दुपारी लागल्या, आता कुकर होईपर्यंत होतो. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, आजी, तुम्ही आता परीक्षेला बसा. म्हटलं, बसलेच आहे.

इकडचं सगळं बरं. इस्त्रीला कपडे येतात. बँकेतला तो जाड्या आता बारीक झालाय, त्याचे शर्ट तसेच मोठे आहेत, इस्त्री करताना वाटतं आत कुणीतरी आणखी एक मावेल. इस्त्रीच्या टेबलाखालची गुंडीची बसायची जागा रिकामी असते. मी सवयीनं पाय जपून टाकते आणि मग आठवतं की खाली कुणी नाही. दहा दिवस झाले तुम्हाला जाऊन. तिच्या किती तपासण्या झाल्या, किती वेळा रक्त काढलं, हे तू सांगत नाहीस आणि मी विचारत नाही. ती खाते काय एवढंच विचारते. अंड्याचा पिवळा भाग वेगळ्या वाटीत द्यायचा, हे तिथल्या पोरींना सांगितलंस ना?

गुरुवारी दुसरी सुई. त्याआधी शेवटच्या महिन्याचा कागद लागेल, तो जावयांबरोबर पाठव, असं तू तीनदा बजावलंस. तो कागद फाइलीला लागला की गुंडीला आत घेणार, तिच्या कमरेच्या हाडातून पुन्हा तो आतला गर काढणार, त्या मूळ पेशी का काय त्या वेगळ्या करणार आणि पाठीतून आत सोडणार. तो कागद या पाकिटात नाही. शोधू नकोस, हरवलेला नाही, माझ्याजवळ आहे. का पाठवला नाही ते सांगते, पण माझ्या चालीनं सांगू दे.

आधी तू कागद भरायचीस, आठवतं? पहिल्या सुईच्या आधीचे तीन महिने. तू रजा काढून घरी होतीस. मी तुझे ते कागद बघितलेत. खुणा जवळजवळ सगळ्या पहिल्या रकान्यात, एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारख्या. हाक मारल्यावर वळते का? कधीच नाही. दुसऱ्याला काही दाखवायला आणते का? कधीच नाही. डोळ्यांत बघते का? कधीच नाही. मी बोट सरकवत वाचत होते आणि मला वाटलं, हे कुणाच्या पोरीबद्दल लिहिलंय. तू खोटं लिहिलंस असं म्हणत नाही. तू कारखान्यात लोखंडाचे तुकडे मोजणारी, केसाएवढं कमी-जास्त झालं तर माल परत पाठवणारी. समोर वळली तर वळली, नाहीतर नाही. तुझं मोजणं तसं.

माझं तसं नाही. मी हाक मारली की तिची मान वळत नाही, पण डाव्या पायाचा अंगठा जो सारखा हलत असतो तो थांबतो. मी चार पावलं दुसरीकडे जाऊन हाक मारली की पुन्हा थांबतो. मग वळली की नाही ती? दाखवायला आणते का म्हणशील, तर कपड्यांची तुटलेली बटणं मी तिला देते, ती टेबलाच्या कडेला मांडते, चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी, आणि मी प्रत्येकाला बोट लावेपर्यंत तिथून हलत नाही. एक राहिलं तर माझा हात धरून त्यावर ठेवते. डोळ्यांत म्हणशील, तर आपली ती फुगीर पोटाची स्टीलची किटली आहे ना, तिच्यासमोर बसून ती किटलीत माझं तोंड बघते. मी तोंड वेडंवाकडं केलं की तिचे खांदे हलतात. सरळ माझ्याकडे बघताना तिला उन्हाकडे बघितल्यासारखं होत असेल, मला काय माहीत. किटलीतून बघते. मला चालतं. मी काही फार बघण्यासारखी नाही तशीही.

तर सुई झाली, तुझी रजा संपली, आणि तू कामावर गेलीस. चाचणीवाल्या बाईंनी सांगितलं होतं की सगळे कागद एकाच माणसानं भरायचे. मग तू काय केलंस, पुढच्या सगळ्या कागदांवर वर तुझं नाव लिहिलंस, खाली सही करून ठेवलीस, आणि मला म्हणालीस, दिवसभर तूच असतेस तिच्याजवळ, मधल्या खुणा तेवढ्या कर, मला विचारत बसू नकोस. न बघता सही केली म्हणून कारखान्यात तू दोघांना घरी पाठवलंस, ती गोष्ट मला जेवताना रंगवून सांगितली होतीस. मी म्हटलं असतं काहीतरी, पण तू तेव्हा बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस आणि मला, खरं सांगू, आनंद झाला होता. कुणीतरी पहिल्यांदा मला गुंडीबद्दल विचारत होतं. चोवीस प्रश्न. मी पेन्सिलीला टोक काढून बसले.

हाक मारल्यावर वळते का? नेहमी. दाखवायला आणते का? नेहमी. डोळ्यांत बघते का? यावर जरा थांबले, किटलीचं काय करायचं कळेना, मग ‘बऱ्याचदा’ केलं. खोटं एक नाही त्यात. पहिल्या महिन्यातलं एकही नाही. मी जे रोज बघत होते तेच लिहिलं, फक्त ते मी सुईच्या आधीपासून बघत होते.

दोन महिन्यांनी तू तुझ्या फोनवर ती रेघ मला दाखवलीस. बाईंनी पाठवलेली. तीन महिने जमिनीवर आडवी पडलेली आणि मग सुईची उभी खूण, आणि तिथून रेघ जी चढली ती जिना चढल्यासारखी. आई, बघ, सुईपासून, असं तू म्हणालीस आणि तुझं बोट रेघेबरोबर वर वर सरकत गेलं. मी बघितलं. सुईपासून नव्हती ती रेघ, माझ्यापासून होती. तूच कधीतरी सांगितलं होतंस की अर्धा माल एका मापानं मोजला आणि अर्धा दुसऱ्यानं, तर सगळी खोकी पुन्हा उघडावी लागतात. ते तुला तिथे कळतं, घरी कळलं नाही. आणि मला त्याच क्षणी कळलं, तर मी काय केलं असेल? म्हटलं, चहा टाकू का.

आता तू म्हणशील, आई, तेव्हाच का नाही बोललीस. थांब, त्याकडेच येते. पण आधी त्या गुणगुणण्याचं सांगायचंय, नाहीतर राहून जाईल.

गुंडी गुणगुणायची ना. इस्त्रीची वाफ सुटली की त्याच सुरात, बारीक, तोंड मिटून. सगळी दुपार. तुझं डोकं उठायचं त्यानं, तू कानात कापूस घालायचीस. मला तर सोबत होती. वाफ थांबली तरी ती सूर धरून ठेवायची, मी पुन्हा वाफ सोडली की तिचा सूर आणि वाफेचा सूर एक व्हायचा, आणि मग ती बोटं पसरायची, पाण्यात सोडल्यासारखी. सुईनंतर पाच दिवस ताप आला, ते तुला ठाऊक आहे. कंबर दुखायची, तीन आठवडे तिनं पाठ टेकली नाही, पोटावर झोपायची, हेही ठाऊक आहे. गुणगुणणं बंद झालं, हे तुझ्या लक्षात आलं का, मला माहीत नाही. तू शांतता आहे म्हणून खूश होतीस. मी वाफ सोडायचे आणि टेबलाखाली वाकून बघायचे. ती हात कानांवर ठेवून बसलेली असायची.

मी बाईंना फोन केला. म्हटलं, कागदावर याची जागा कुठे आहे. त्या गोड बोलतात, माणूस वाईट नाही. म्हणाल्या, आहे ना आजी, अकरावी ओळ बघा. अकरावी ओळ अशी की एकच आवाज पुन्हा पुन्हा काढते का. आधी ‘नेहमी’ होतं, आता ‘कधीच नाही’ करा, छान सुधारणा आहे ही. तर बघ पोरी, त्या सगळ्या चोवीस ओळींत खरोखरचा बदल झाला तो एका ओळीत, आणि तो असा. तो मी माझ्या हातानं लिहिला. रेघ आणखी एक पायरी चढली. त्या दिवशी मी तीन शर्टांच्या कॉलरी जाळल्या आणि बँकवाल्याला सांगितलं, इस्त्रीचा बिघाड.

त्या पहिल्या सुईत पेशी होत्या की नुसतं मिठाचं पाणी, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, पाकीट बंद आहे, असं तू सांगितलंस. निम्म्या पोरांना पाणी टोचलंय. मला ते ऐकून आधी राग आला, मग समजलं की खरं काय ते कळायला तसंच करावं लागत असेल. पलंगावर निजलेल्या त्या सगळ्या पोरांपैकी एखाद्याला खरंच गुण येत असेल, तर तो कळायला हवा, आणि येत नसेल तर तेही. मी तिसरी पास बाई, मला पेशीतलं काय कळतं. पण खुणेतलं कळतं. त्या सगळ्या खऱ्या खुणांच्या ढिगात माझ्या घातल्या गेल्या आहेत, आणि कुठल्यातरी मोठ्या खोलीत कुणीतरी चष्मा लावून त्यांची बेरीज करतंय.

आता का बोलले नाही ते. तू बदललीस म्हणून. रेघ चढायला लागली आणि तू कामावरून आल्यावर बूट न काढता जमिनीवर बसायला लागलीस. आधी तू तिची हनुवटी दोन बोटांत धरून माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ करायचीस, ती नखं मारायची, तू रडायचीस. ते थांबलं. तू तिच्याशेजारी बसून बटणं मांडायला लागलीस. चुकीची मांडायचीस, ती तुझ्या हातातून काढून घ्यायची, आणि तू हसायचीस. किती वर्षांनी मी तुझे दात बघितले. जावई म्हणाले, हिला काय झालंय. म्हटलं, औषध लागू पडलंय. ते समजले गुंडीबद्दल. मी तुझ्याबद्दल म्हणत होते.

मग मी प्रत्येक महिन्याला जरा पुढे सरकत गेले. जिथे ‘क्वचित’ होतं तिथे ‘बऱ्याचदा’. जिथे ‘बऱ्याचदा’, तिथे म्हटलं असेलही ‘नेहमी’. एकेक खूण करताना मला तुझं जमिनीवर बसणं दिसायचं. जे दिसत होतं ते आधी लिहिलं, नंतर जे तुला दिसावंसं वाटलं ते लिहायला लागले. कुठल्या महिन्यात हद्द ओलांडली ते मलाही नेमकं सांगता येणार नाही. एक ओळ मात्र मी कधी हलवली नव्हती. एकोणिसावी. घरातल्या माणसाला शब्दानं हाक मारते का. तिथे तुझी खूण होती तीच मी ठेवली, कधीच नाही. तिथे मला हात लावायची हिंमत नव्हती.

पाचव्या महिन्यात एके संध्याकाळी तू आलीस आणि काही न बोलता स्वयंपाकघरातले नळ पुसायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, काही नाही, खाली त्या नर्सच्या पोरानं फाटकापासून आई आई करत बोंब मारली, सगळा रस्ता बघत होता. एवढंच. नळ चकचकीत होते तरी पुसत राहिलीस. दुसऱ्या दिवशी कागदाचा दिवस होता. मी एकोणिसाव्या ओळीत ‘क्वचित’वर खूण केली, आणि शेजारच्या कोऱ्या जागेत ‘आई’ असं लिहिलं. अक्षर एवढं मोठं आलं की ‘ई’ची शेंडी चौकटीबाहेर गेली.

तू ते उभ्यानं वाचलंस, खांद्याला पिशवी तशीच. कधी, म्हणालीस. मी म्हटलं, दुपारी. कशी म्हणाली, विचारलंस. म्हटलं, हळू. मग तू मला मिठी मारलीस. तुझ्या लग्नात मारली होतीस, त्यानंतरची ती पहिली. आणि मी ती घेतली, पोरी. चोरीचा माल घेतात तशी घेतली आणि घट्ट धरली.

पुढचं तू बघितलं आहेसच, पण मी जिथून बघत होते तिथून नाही. दर बुधवारी तू अर्धी रजा काढून यायला लागलीस. तिच्यापुढे बसायचीस. म्हण ना गुंडे, आजीजवळ म्हणालीस तसं म्हण. आधी लाडानं, मग बिस्किट दाखवून, मग बिस्किट मागे घेऊन. पुन्हा हनुवटी, पुन्हा दोन बोटं. आजीसमोर म्हणतेस आणि माझ्यासमोर का नाही, असं तिला विचारलंस एकदा, आणि नंतर माझ्याकडे बघितलंस. तुझ्या नजरेत माझ्याबद्दल जे होतं त्याला मी नाव देत नाही. मग गुंडी बुधवारी टेबलाखालून उठून आतल्या खोलीत जायला लागली, आणि नंतर सगळेच दिवस. मी असलेल्या खोलीतून ती कधी उठून गेली नव्हती. आणि मागल्या महिन्यात बाईंचा फोन आला की सगळ्या पोरांत हिचा गुण पहिल्या तिघांत आहे, दुसऱ्या सुईसाठी निवड झाली, या वेळी पाणी नाही, नक्की पेशीच. तू पिशव्या भरायला घेतल्यास. मी तुला इस्त्री करून कपडे दिले.

आज सकाळी मी बाईंना फोन केला. सगळं सांगितलं, तुझ्या सहीचं, माझ्या खुणांचं, एकोणिसाव्या ओळीचं. त्या म्हणाल्या, आजी, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना. म्हटलं, कळतंय. आमचे कागद रद्द होतील, गुंडीचं नाव निघेल, गुरुवारची सुई होणार नाही. त्या आजच तुला सांगणार होत्या. मी त्यांच्याकडून उद्याचा दिवस मागून घेतला, की आधी तुला माझ्याकडून कळू दे. त्यासाठी हे पत्र. उद्या संध्याकाळी तुझ्या हातात पडेल, परवा सकाळी त्यांचा फोन येईल. तू मला तुझ्या पोरीची वैरीण म्हणशील, आणि मला तिच्याजवळ बसू देणार नाहीस, हे धरूनच मी फोन केला. ती तुला कधी आई म्हणालेली नाही. मलाही काही म्हणालेली नाही. तो शब्द मी लिहिला, आणि तुझ्यासाठी लिहिला असं इतके दिवस स्वतःला सांगत होते, पण मला तू जवळ यायला हवी होतीस, म्हणून लिहिला. त्या शब्दावर तिच्या हाडात पुन्हा सुई जाऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. तिला घेऊन घरी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

रागावलीस तरी तुझीच,
आई